टेलिहँडलरची मागची चाकं वाकडी का होतात आणि सरळ कशी करायची

रे रोडच्या दारूखान्यातली गल्ली घ्या किंवा परळमधला रिडेव्हलपमेंटचा प्लॉट. एका बाजूला सळयांचे बंडल, दुसऱ्या बाजूला शेजारच्या सोसायटीची भिंत, आणि मधून टेलिहँडलर, म्हणजे लांब होणारी बूम (उचलायचा हात) असलेली माल उचलायची गाडी, फिरवायचा. मागची चाकंही वळतात म्हणूनच ते जमतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2.8 मीटर आणि चाकं 35 अंश वळतात असं धरलं, तर फक्त पुढच्या चाकांवर गाडी सुमारे 4 मीटर त्रिज्येत वळते. मागची चाकं तेवढीच उलट वळवली की त्रिज्या निम्मी, 2 मीटर. हे माप गाडीच्या मधल्या रेषेवरचं आहे. बाहेरचा टायर आणि बूमचं टोक यांना जास्त जागा लागते, ती वेगळी धरा.

आता मुद्दा. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये लोखंडी जोड कुठेच नाही. त्यांना जोडतं ते फक्त पाइपात कोंडलेलं तेल.

स्टिअरिंगच्या खाली ऑर्बिट्रोल बसवलेला असतो. आत सात दातांच्या रिंगमध्ये सहा दातांचा रोटर फिरतो आणि स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढंच तेल मोजून पुढे सोडतो. पंपाकडून आलेल्या तेलावर पहिला हक्क स्टिअरिंगचा राहावा म्हणून आधी प्रायॉरिटी व्हॉल्व्ह असतो. ऑर्बिट्रोलमधून तेल पुढची चाकं वळवणाऱ्या सिलिंडरच्या एका बाजूला जातं. दुसऱ्या बाजूने ढकललं गेलेलं तेल मोड व्हॉल्व्हमधून (कुठली चाकं कशी वळायची ते ठरवणारा) मागच्या सिलिंडरला जातं आणि तिथून परत ऑर्बिट्रोलला. म्हणजे दोन्ही सिलिंडर सिरीजमध्ये. पुढून जेवढं तेल निघालं तेवढंच मागे पोचलं पाहिजे, म्हणून दोन्हीकडे रॉड असलेले सारखे सिलिंडर वापरतात.

मोड तीन. मोड व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा) मध्ये असला की मागच्या सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद, फक्त पुढची चाकं वळतात. एका बाजूला सरकला की मागची चाकं उलट वळतात, गाडी गोल फिरते. हा गोल मोड. दुसऱ्या बाजूला सरकला की मागच्या दोन लाइनी अदलाबदल होतात आणि चारही चाकं एकाच दिशेला वळून गाडी तिरकी सरकते. याला क्रॅब म्हणतात. भिंतीला समांतर लागायचं तर क्रॅबच हवा, कारण गोल मोडमध्ये गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. रस्त्यावर मात्र पुढच्या चाकांचाच मोड ठेवा. वेगात मागची चाकं वळली तर गाडी सावरणं कठीण.

सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 70 मिमी आणि रॉड 40 मिमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे 26 चौरस सेंटीमीटर. म्हणजे सीलमधून 26 सीसी तेल निसटलं की रॉड 1 सेंटीमीटर सरकला. स्टिअरिंग आर्म (रॉडचा जोर चाकाला देणारा हात) 200 मिमी लांब असेल तर चाक जवळजवळ 3 अंश वाकडं. कटिंग चहाच्या निम्म्याहून कमी तेल, आणि गाडी खेकड्यासारखी चालायला लागते. थोडी गळती प्रत्येक गाडीत असते, त्यामुळे चाकं जुळवणं हे ऑपरेटरचं नेहमीचं काम समजा.

सपाट जागा निवडा, बूम खाली, लोड नाही, इंजिन कमी आरपीएमवर. मोड गोलवर टाका आणि मागची चाकं सरळ होईपर्यंत स्टिअरिंग फिरवा. मागची सरळ होण्याआधीच पुढची लॉकला (वळायच्या टोकाला) गेली, तर पुढच्या चाकांच्या मोडमध्ये जाऊन ती मागे आणा, पुन्हा गोल मोड घ्या आणि उरलेलं फिरवा. मागची सरळ झाली की लगेच पुढच्या चाकांचा मोड घ्या, पुढची सरळ करा, मगच गोल मोड. नजरेवर जाऊ नका. अ‍ॅक्सलच्या उंचीवर गाडीच्या बाजूने दोरी ताणा. दोन्ही अ‍ॅक्सलची ट्रॅक रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) सारखी असेल तर ती पुढच्या आणि मागच्या टायरला पुढे-मागे अशा चारही ठिकाणी टेकली पाहिजे. सरळ असताना नकल (चाकाबरोबर वळणारा भाग) आणि अ‍ॅक्सल यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी काम सोपं होतं. काही गाड्यांत चाकं सरळ झाली की लागणारे सेंटर सेन्सरचे दिवे असतात, पण ब्रॅकेट वाकलेलं असेल तर दिवा खोटं सांगतो.

रोज जुळवूनही चाकं दिवसभरात सरकत असतील तर दोष शोधा. मागचा अ‍ॅक्सल जॅकने उचला, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलवा, मोड व्हॉल्व्हकडच्या लाइनी हळू सैल करून प्रेशर सोडा. मग मागच्या सिलिंडरची दोन्ही तोंडं सिलिंडरपाशीच प्लग करा आणि लांब पहारीने चाक रेटा. सरकत राहिलं तर पिस्टन सील गेलं. ठाम राहिलं तर गळती दुसरीकडे, बहुधा मोड व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये. हे न करता थेट सील किट टाकणारे बरेच आहेत, आणि पैसे वाया जातात. ओ-रिंग, होज आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण जुना नमुना आणि थ्रेडचं माप बरोबर न्या.

सील बदलल्यावर हवा काढायची. गोल मोडमध्ये कमी आरपीएमवर लॉक ते लॉक आठ-दहा वेळा सावकाश फिरवा, लॉकवर दाबून धरू नका, टाकीची पातळी बघत रहा.

पुढच्या चाकांचा मोड हलका आणि गोल मोड जड लागत असेल तर घाबरू नका. सिरीजमुळे दोन्ही सिलिंडरांना लागणारं प्रेशर एकत्र बेरजेत चढतं. आधी मागच्या टायरची हवा आणि किंगपिनचं (नकल ज्या पिनेवर वळतो तिचं) ग्रीस बघा.

मुंबईच्या पावसात टाकीच्या ब्रीदर कॅपमधून (हवा जाण्या-येण्याचं झाकण) पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं की काचेच्या बरणीत घेऊन ठेवा. हवा असेल तर तासाभरात खालून वर साफ होत जातं, पाणी असेल तर दुधाळच राहतं. खात्री करायची तर गरम पत्र्यावर एक थेंब टाका. तडतडला की पाणी. मग तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. मोड बदलतच नसेल, गाडी पुढच्या चाकांवरच अडकली असेल, तर मोड व्हॉल्व्हच्या सॉलेनॉइडचा (स्पूल सरकवणाऱ्या विजेच्या कॉइलचा) प्लग उघडा. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. तिथे 12 व्होल्ट येतात का आणि कॉइल साधारण 5 ते 10 ओहम दाखवते का, ते मीटरने बघा.

दोन गोष्टी जिवाच्या. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक धारेतलं तेल कातडीत घुसतं आणि तासाभरात ऑपरेशनची वेळ येऊ शकते. आणि ऑर्बिट्रोल उघडून बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हात स्टिअरिंगच्या आऱ्यांत नको, गाडीच्या चाकांजवळ माणूस नको. रोटर आणि मधल्या शाफ्टचं टायमिंग चुकलं असेल तर स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरतं; तसं झालं तर तत्काळ किल्ली बंद करा.