जुन्या गाडीचं उतरलेलं दार: बिजागरीची पिन कशी बदलावी

दार लावताना हँडल धरून जरा वर उचलावं लागत असेल, तर ते 'उतरलं' आहे. यावर बऱ्याच गॅरेजमध्ये दहा मिनिटांचा इलाज होतो. चौकटीवरची लॉकची पट्टी, म्हणजे स्ट्रायकर, ढिला करायचा, थोडा खाली सरकवायचा आणि पुन्हा आवळायचा. दार लागतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. बिजागरीतली पिन मात्र झिजतच राहते. काही काळाने स्ट्रायकर आणखी खाली घ्यायला जागा उरत नाही, दाराचा खालचा काठ उंबऱ्याला घासून रंग सोलतो, रबराचं बीडिंग फाटतं आणि पावसाळ्यात पायाशी पाणी साचतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पिन, स्ट्रायकर सगळ्यात शेवटी.

पद्मिनी, अँबेसेडर किंवा त्यांच्या पिढीतली एखादी गाडी घरी असेल तर हे काम एका सुट्टीच्या दिवशी, दोघांनी मिळून होण्यासारखं आहे. एकट्याने मात्र करू नका. दार दिसतं त्याहून बरंच जड असतं.

दोष पिनचाच आहे ना?

दार वीतभर उघडा. लॉकच्या बाजूचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा आणि सोबत्याला बिजागरीच्या नळीवर, जिथे दोन पाती एकमेकांत अडकतात तिथे, बोट ठेवायला सांगा. 'टक-टक' होऊन पाती एकमेकांवर हलत असतील, तर पिनला किंवा बुशला (पिनभोवतीच्या धातूच्या नळीला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे. पाती स्थिर राहून अख्खी बिजागरीच खांबावर (चौकटीच्या ज्या उभ्या भागावर ती बसवलेली असते त्यावर) हलत असेल, तर बोल्ट ढिले आहेत. पान्हा मारून बघा, कदाचित तेवढ्यावर भागेल. आणि बिजागरीमागचा पत्राच आतबाहेर होत असेल, तर खांब गंजलाय. कोकणात आणि मुंबईत समुद्राच्या हवेत राहिलेल्या गाड्यांत हे सर्रास आढळतं. तिथे नवी पिन घालणं फुकट आहे. आधी डेंटरकडून पत्र्याचं वेल्डिंग करून घ्या.

वरची बिजागरी जास्त नीट तपासा. दाराचं वजन खांबापासून दूर लोंबतं, त्यामुळे वरची बिजागरी सतत बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. दोन्ही पिना झिजतात, पण विरुद्ध बाजूंनी. समजा दोन बिजागऱ्यांत ३५ सेंटिमीटर अंतर आहे, दार १ मीटर लांब आहे आणि प्रत्येक बिजागरीत अर्धा मिलिमीटर प्ले आहे. वरची अर्धा मिलिमीटर बाहेर, खालची अर्धा आत, म्हणजे ३५ सेंटिमीटरमागे १ मिलिमीटरचा कल. लॉकच्या टोकाला तोच कल जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. बिजागरीशी प्ले किरकोळ वाटतो आणि दार मात्र लागत नाही, ते यामुळे.

ज्यांच्याकडे 'डुक्कर फियाट' (जुनी फियाट ११००) आहे त्यांनी तर हे काम लांबणीवर टाकूच नये. तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी. अशा दाराचं लॉक चालत्या गाडीत सुटलं, तर वारा ते उघडून मागे भिरकावतो.

आपली बिजागरी ओळखा

दार पूर्ण उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. पिनला वर किंवा खाली डोकं दिसेल. काही पिनांच्या डोक्याखाली बारीक उभ्या खाचा असतात. त्या एका पात्यात घट्ट रुततात आणि दुसरं पातं पिनभोवती फिरतं. अशी पिन डोक्याच्याच दिशेने बाहेर येते, उलटीकडून ठोकलीत तर पातं फाकेल. काही ठिकाणी टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा स्प्लिट पिन (टोकं फाकवून अडकवलेली दुहेरी तार) असते. छोटा आरसा धरून दुसरं टोक बघितल्याशिवाय हातोडा उचलू नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवरही भरवसा ठेवू नये, कारण तीस-चाळीस वर्षांत कुठल्यातरी डेंटरने काहीतरी बदललेलं असतंच.

पिनची दोन्ही टोकं ठोकून रिव्हेटसारखी पसरवलेली असतील आणि बिजागरी बोल्टवर असेल, तर पिनच्या मागे न लागता आख्खी बिजागरी बदलणं सोपं. जपानी धाटणीच्या छोट्या गाड्यांत बहुधा अशीच असते.

पिन आणायची कुठून?

कुर्ल्याचा पद्मिनीचा कारखाना कधीच बंद झाला, आणि उत्तरपाड्याला अँबेसेडर बनायची थांबली त्यालाही २०१४ पासूनचा काळ लोटला. तयार पिनांचा सेट मिळाला तर उत्तम; पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला जुने स्पेअरवाले आहेत, विचारून बघायला हरकत नाही. भंगारातल्या गाडीची पिन मात्र घेऊ नका, ती तुमच्याइतकीच झिजलेली असणार.

नाही मिळाली तरी अडत नाही. पिन म्हणजे शेवटी एक गोल सळई, कुठलाही बरा लेथवाला ती करून देईल. त्याला सांगायच्या गोष्टी तीन. एक, साधं एमएस (मऊ पोलाद) नको, ईएन-८ (त्याहून टणक पोलाद) वापर. दोन, माप झिजलेल्या भागाचं घेऊ नकोस. पिनच्या टोकाकडे, जिथे ती फिरत नाही तिथे मूळ जाडी शिल्लक असते, तिथे मायक्रोमीटर लाव. तीन, बुश गनमेटलचे कर, आणि पिन त्यात हाताने फिरेल पण डुगडुगणार नाही एवढीच जागा ठेव. दोन-तीन शतांश मिलिमीटर पुरे.

मूळ बिजागरीत बुशच नसेल आणि भोक लंबगोल झालं असेल, तर दोन वाटा आहेत. भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला खरवडणाऱ्या हत्याराने) थोडं मोठं करून जाड पिन घालायची, किंवा आणखी मोठं करून बुश बसवायचा. मी दुसरी वाट घेईन, कारण पुढच्या वेळी फक्त बुश बदलला की काम होतं. भोक मोठं करायला हातातलं ड्रिल नको. लंबगोल भोकात ड्रिल झिजलेल्या बाजूकडेच पळतं आणि बिजागरीचा मध्य कायमचा सरकतो.

पिन करून घ्यायची तर जुनी पिन नमुना म्हणून लेथवाल्याला द्यावी लागते, म्हणजे दार एक-दोन दिवस गाडीबाहेर राहणार. गाडी कुठे उभी करायची आणि पाऊस आला तर काय, ते आधी ठरवा.

दार उतरवणं

आदल्या संध्याकाळी दोन्ही पिनांवर वरून-खालून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रात्रभर मुरलं की सकाळचं अर्धं काम कमी होतं.

गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. मडगार्डच्या आणि दाराच्या काठांवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. दार थांबवणारी पट्टी (चेक स्ट्रॅप) सोडवा, पण लक्षात ठेवा: आता दाराला अडवणारं काही नाही, ते पूर्ण उघडलं तर मडगार्डमध्ये घुसेल. मधे जाड गोधडीची घडी ठेवा. मूळ गाडीत दारातून वायर जात नसली, तरी नंतर कोणीतरी स्पीकर बसवलेले असतात. वायर कापू नका, जोड शोधून सोडवा.

दाराखाली जॅक, जॅकवर रुंद फळी, फळीवर कापड. फळी दाराच्या लांबीच्या साधारण मध्यावर आली पाहिजे. दार उचलायचं नाही, फक्त त्याचं वजन जॅकवर घ्यायचं. जॅक जास्त चढवलात तर पिन दुसऱ्या बाजूने आवळते आणि कितीही ठोका, हलत नाही. पिन अडली की पहिल्यांदा जॅक किंचित वर-खाली करून बघा. पुष्कळदा तेवढ्याने ती मोकळी होते.

बिजागरी बोल्टवर असली तरी बोल्टांना हात लावू नका. दाराचा मूळ बेत त्या बोल्टांच्या जागेवर टिकून आहे.

आता खालची पिन. सर्क्लिप असेल तर काढा. पिनपेक्षा किंचित बारीक, बोथट टोकाचा पंच आणि अर्धा किलोचा हातोडा घ्या, डोळ्यांवर चष्मा चढवा. ठोकताना सोबत्याने पात्याला विरुद्ध बाजूने डेंटरची डॉली (पत्रा ठोकताना मागे धरायचा लोखंडी ठोकळा) किंवा दुसरा जड हातोडा टेकवून धरायचा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग प्रत्येक घावाचा अर्धा जोर खांबाचा पत्रा वाकवण्यात जातो. नेमके, जोरदार, थोडे घाव घाला. शंभर हलके घाव घातले की पिनचं टोक पसरतं आणि मग ती भोकातून निघतच नाही. टोक पसरलंच, तर आधी कानशीने किंवा ग्राइंडरने साफ करा.

तरीही निघत नसेल तर दोन पात्यांमधल्या फटीतून हॅकसॉचं नुसतं पातं घालून पिन कापा आणि तुकडे वेगवेगळ्या दिशांनी ठोकून काढा. वेळखाऊ आहे, पण हमखास. गॅसची ज्योत शेवटचा उपाय. रंग, बीडिंग आणि दारातलं अस्तर तिच्यापुढे टिकत नाही.

खालची निघाली की वरची. ती सुटताना सोबत्याने दार दोन्ही हातांनी धरलेलं असावं, जॅकवर विसंबू नये. दार काढून भिंतीला टेकवू नका, गोधडीवर आडवं ठेवा.

फक्त पिन बदलायची असेल आणि नवी हातात तयार असेल, तर दार न उतरवता एका वेळी एक पिन काढून लगेच नवी घालता येते. बुश बदलायचे असतील तर दार उतरवलेलंच बरं.

बुश आणि पिन बसवणं

जुने बुश पंचने काढा, भोक तारेच्या ब्रशने घासून रॉकेलने पुसा. नवे बुश ठोकू नका, कड फुटते. एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि नट घ्या. बोल्ट भोकातून आरपार घालून नट आवळत गेलात की बुश सरळ आत ओढला जातो. कड असलेला बुश असेल, तर कड दोन पात्यांच्या मधे यायला हवी. दाराचं उभं वजन त्या कडेवर बसतं. ती बाहेरच्या बाजूला गेली, तर लोखंड लोखंडावर घासतं आणि दार लवकरच पुन्हा करकरू लागतं.

बुश दाबून बसला की आतून जरासा आवळतो. पिन हाताने घालून बघा, अडली तर रीमरचा एक हलका हात मारा. मग पिनला आणि बुशला लिथियम ग्रीस लावा.

दार जॅकवर ठेवून जागेवर आणा. या वेळी वरची पिन आधी. भोकं जुळवण्यासाठी टोकाला निमुळता केलेला पंच किंवा पेचकस आरपार घाला, जॅक अर्ध्या-अर्ध्या वळशाने हलवा. भोकं एका रेषेत आली की पिन जवळजवळ हातानेच शिरते. फक्त खाचांचा शेवटचा भाग ठोकून बसवावा लागतो. भोकं जुळत नसताना ठोकलीत तर नव्या बुशचा पहिल्याच दिवशी निकाल लागेल. वरची बसली की खालची, मग सर्क्लिप, मग चेक स्ट्रॅप.

शेवटी स्ट्रायकर

पहिल्यांदा दार आपटू नका. ते आता वर आलंय आणि स्ट्रायकर मात्र अजून जुन्या, खाली सरकवलेल्या जागी आहे. लॉक त्याच्या कडेवर जोरात आपटेल. हलक्या हाताने लॉकपर्यंत न्या आणि किती फरक आहे ते बघा. स्ट्रायकर ढिला केलात की त्याच्यामागे रंगात मूळ जागेचा ठसा बहुधा दिसतो. तिथे न्या, स्क्रू अर्धे आवळा, दार सावकाश लावून उघडा, मग पूर्ण आवळा.

दार बंद असताना मडगार्डशी असलेली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, आणि बाजूच्या पत्र्यावरची रेघ दारावरून सरळ पुढे जाते का, ते दोन पावलं मागे सरून बघा. अजूनही दार एक-दोन मिलिमीटर खाली असेल आणि बिजागऱ्या बोल्टवर असतील, तरच आता बोल्टांना हात लावा: किंचित ढिले, जॅकने दार वर, पुन्हा घट्ट. बिजागरीत लाकडी ठोकळा अडकवून दार दाबायची एक पद्धत गॅरेजमध्ये चालते. नव्या पिनवर ती करू देऊ नका.

ठोकताना जिथे रंग उडाला असेल तिथे त्याच दिवशी प्रायमर लावा. आठवड्याभराने पिनांची डोकी एकदा बघा. एखादी वर सरकली असेल, तर ती ठोकून खाली बसवा आणि भोकाच्या काठावर सेंटर पंचने दोन ठिपके मारा, म्हणजे काठ आत दबून पिन धरून ठेवेल.