सायन्सच्या तासाला इंटेलिजंट डिझाइन आलं तर अमेरिकेतल्या मराठी पालकांनी काय करायचं

ज्यांची मुलं अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये जातात त्यांच्यासाठी लिहितोय. स्कूल बोर्डात कुणीतरी उठून म्हणतं की बायॉलॉजीत उत्क्रांतीबरोबर इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे सजीव कुणीतरी बुद्धी वापरून घडवले ही कल्पना, पण शिकवा, मुलांना दोन्ही बाजू कळू देत, आणि ते ऐकायला इतकं रास्त वाटतं की आपले लोक गप्प बसतात, म्हणतात काय बिघडतंय. बिघडतं! सायन्सच्या पुस्तकात काय यावं हे पुराव्यावर ठरायला हवं, बोर्डात किती हात वर झाले त्यावर नाही.

पहिलं काम म्हणजे ठरावाचा मूळ मजकूर मिळवा, व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश नको. मीटिंगचा अजेंडा बहुतेक डिस्ट्रिक्ट आधी साइटवर टाकतात. त्यात इंटेलिजंट डिझाइन हे शब्द असतीलच असं नाही बरं का, हल्ली 'क्रिटिकल थिंकिंग', 'सिद्धांताच्या जमेच्या आणि कच्च्या बाजू' अशी भाषा असते, लुइझियानाचा २००८ चा आणि टेनेसीचा २०१२ चा कायदा त्याच धाटणीचा आहे. मग विचारा की उत्क्रांती, ग्लोबल वॉर्मिंग असे ठरावीकच विषय का वेगळे काढलेत, पिरिऑडिक टेबलच्या कच्च्या बाजू का नाही शोधायच्या?

मग डोव्हरची केस नीट समजून घ्या, तुमचे निम्मे मुद्दे तिथेच मिळतील. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या बोर्डाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठरवलं की नववीच्या मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं, डार्विनचा सिद्धांत म्हणजे फॅक्ट नव्हे, त्यात गॅप्स आहेत, आणि लायब्ररीत 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक आहे ते बघा. सायन्सच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला, शेवटी प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. तिथे त्या पुस्तकाचे जुने ड्राफ्ट निघाले आणि त्यात दिसलं की १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पब्लिक स्कूलमध्ये क्रिएशनिझम, म्हणजे देवानेच सजीव निर्माण केले हे मत, शिकवण्यावर बंदी आणल्यावर लेखकांनी 'क्रिएशनिस्ट्स' काढून तिथे 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकलं होतं, आणि एका ठिकाणी हे करताना गडबड झाली, जुन्या शब्दाची अक्षरं नव्याच्या मागेपुढे तशीच चिकटून राहिली. माझ्या मते सगळ्या खटल्यातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

विज्ञानाचा मुद्दा पण एक तरी तयार ठेवा. डोव्हर खटल्यात बोर्डाच्या बाजूने साक्ष देणारे बायोकेमिस्ट मायकल बिही यांचं म्हणणं होतं की बॅक्टेरियाच्या फ्लॅजेलममधला, म्हणजे शेपटीच्या मोटरमधला, एक भाग काढला तर ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही. पालकांच्या बाजूचे साक्षीदार, बायॉलॉजिस्ट केनेथ मिलर यांनी दाखवलं की त्यातल्याच काही प्रोटीनसारखा संच दुसऱ्या बॅक्टेरियांत विष टोचायची सुई म्हणून मस्त काम करतो, म्हणजे अर्धवट यंत्र निरुपयोगी असतं हे खरं नाही. आणि उलटतपासणीत बिहींनी कबूल केलं की त्यांची व्याख्या धरली तर ॲस्ट्रॉलॉजी पण सायंटिफिक थिअरीत बसते.

बोलायला उभं राहाल तेव्हा देव आहे की नाही यात अजिबात शिरू नका, कुणाच्या चर्चवर तर घसरूच नका. मिलर स्वतः कॅथलिक, आणि निकाल देणारे जज जॉन जोन्स रिपब्लिकन, बुश यांनी नेमलेले. शिवाय आपण वेगळे आहोत असंही नाही, जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह डार्विन चुकीचा आहे म्हणाले होते आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना जाहीर विरोध करावा लागला. बहुतेक बोर्डांत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून लिहून न्या, मुलाची इयत्ता सांगा, ठरावातलं नेमकं वाक्य वाचा आणि त्यामागे कुठलं संशोधन आहे ते विचारा. सिटिझन नसलात तरी तिथे राहणारे पालक म्हणून सहसा बोलता येतं, फक्त नियम आधी बघून घ्या.

कोर्ट बघून घेईल म्हणून घरी बसू नका. डोव्हरचा १३९ पानी निकाल २० डिसेंबर २००५ ला पालकांच्या बाजूने आला खरा, पण अपील झालंच नाही त्यामुळे तो दुसऱ्या राज्यांवर बंधनकारक नाही, आणि ज्या लेमन टेस्टचा, म्हणजे सरकार धर्माला पाठिंबा देतंय का हे तपासायच्या कसोटीचा, त्यात आधार घेतला होता ती सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बाजूला ठेवली. अपील का नाही झालं? कारण निकालाच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये, मतदारांनी जुन्या बोर्डातले निवडणुकीला उभे असलेले आठही जण पाडले आणि नवीन बोर्डाला अपील नकोच होतं, पण डिस्ट्रिक्टला दहा लाख डॉलरच्या वर वकिलांचा खर्च भरावा लागला तो लागलाच.

म्हणून ज्यांना मत आहे त्यांनी स्कूल बोर्डाची निवडणूक कधी आहे ते आजच काउंटीच्या साइटवर बघा, पेनसिल्व्हेनियात ती विषम वर्षी असते, प्रेसिडेंटच्या निवडणुकीबरोबर नाही, आणि तेव्हा मतदान इतकं कमी होतं की चार ओळखीची कुटुंबं घेऊन गेलात तरी फरक पडतो.