स्पेनमधला फ्लेमिश प्रभाव शोधताना या चुका टाळा

माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात रोखिर व्हान डर वायडन या फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्सच्या, आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) चित्रकाराच्या ‘क्रुसावरून उतरवताना’ या चित्रापुढून पाय निघत नाही. पहिली चूक तिथेच होते. पंधराव्या शतकातले स्पॅनिश चित्रकार हेच पाहून शिकले असणार, असं आपण ठरवून टाकतो. पण तेव्हा ते आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेनमध्ये होतं. स्पेनला आलं सोळाव्या शतकात, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या काळात. उलट रोखिरचंच मिराफ्लोरेसचं तीन फळ्यांचं चित्र आज बर्लिनला आहे, पण १४४५ मध्ये कॅस्टिल या स्पेनमधल्या राज्याचा राजा दुसरा हुआन याने ते बुर्गोसजवळच्या मिराफ्लोरेस मठाला दिलं होतं. तेव्हा चित्र आज कुठे टांगलंय ते सोडा, त्या काळी कुठे होतं ते तपासा.

‘नेदरलँड्सवर (तेव्हा फ्लँडर्स त्यातच होतं) स्पेनचं राज्य होतं, म्हणून हा प्रभाव’ हे तर सर्रास वाचायला मिळतं. सनावळी लावली की ते कोसळतं. स्पेनची राजकन्या हुआना आणि नेदरलँड्सचा शासक हाब्सबुर्ग फिलिप यांचं लग्न १४९६ चं, त्यांचा मुलगा कार्लोस स्पेनच्या गादीवर आला १५१६ मध्ये. आरागॉन या स्पेनमधल्या दुसऱ्या राज्याचा राजा पाचवा आल्फोन्सो याने मात्र लुईस दाल्माउ या चित्रकाराला १४३१ मध्येच फ्लँडर्सला धाडलं होतं. शिवाय कॅस्टिलची मेरिनो लोकर फ्लँडर्समधल्या ब्रुज शहराला जात होती आणि त्याच व्यापाराच्या वाटेने चित्रं इकडे येत होती.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सोन्यावरून. दाल्माउने १४४५ मध्ये बार्सिलोनाच्या नगरसेवकांसाठी ओकच्या फळीवर तैलरंगात मेरी रंगवली. त्यातले गाणारे देवदूत थेट फ्लँडर्समधल्या घेंट शहराच्या प्रसिद्ध वेदीचित्रातले (वेदीचित्र म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र). इथे नक्कल म्हटलं तरी चालेल. पण त्या शहरात पुढे चलती झाली ती जाउमे उगेतच्या सोनेरी वेदीचित्रांची! गिऱ्हाइकाला सोनं हवं होतं, म्हणून सोनेरी पार्श्वभूमी दिसली की ‘जुनाट, प्रभाव पोहोचलाच नाही’ असा शेरा मारू नका. बार्तोलोमे बेर्मेखोचा १४६८ चा संत मायकेल पाहा (तो लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे). मागे सोनं आहे, पण छातीवरच्या चकचकीत चिलखतात अख्खं शहर उमटलंय. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवल्याशिवाय अशी झळाळी येत नाही. मला तरी दाल्माउपेक्षा हा चित्रकार कितीतरी मोठा वाटतो. फक्त ‘तो फ्लँडर्समध्ये शिकला’ असं ठोकून देऊ नका; तसा एकही कागद सापडलेला नाही.

आणि नावांनी फसू नका. कॅस्टिलची राणी इसाबेला हिच्या दरबारातला हुआन दे फ्लांदेस नावाने स्पॅनिश वाटतो. पण ‘दे फ्लांदेस’ म्हणजे फ्लँडर्सचा. त्याच दरबारातला मिखेल सिटो तर आजच्या टॅलिनचा, ब्रुजला शिकून आलेला.