एए पदवीची तयारी: आधी अर्जाची तारीख शोधा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून लिबरल आर्ट्सची दोन वर्षांची पदवी, म्हणजे एए (असोसिएट इन आर्ट्स), घ्यायची असेल तर वेळापत्रक उघडण्याआधी एक तारीख शोधा: पदवीसाठी अर्ज करण्याची शेवटची तारीख. विषय पूर्ण झाले की पदवी आपोआप मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याच कॉलेजांत अर्ज आल्याशिवाय तुमची फाइल कोणी उघडत नाही. तारीख हुकली की पदवी पुढच्या सत्रावर जाते. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, सगळे विषय, सगळ्या ग्रेड दिसतात आणि पदवीची ओळ तेवढी नसते.

प्रवेशाचा फॉर्म सोपा आहे. फी रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचं श्रेयांक, क्रेडिट) 46 डॉलर, पण रहिवासी ठरायला सत्राआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरचा मुक्काम त्यात धरत नाहीत.

भारतात कॉलेज अर्धवट सोडून आला असाल तर विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट आताच मागवा, वेळ लागतो. बंद पाकीट फोडू नका, फोडलेलं चालत नाही. परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन विषयवार करून घ्या. नुसत्या 'पदवी समकक्ष आहे' एवढ्या अहवालावर विषयांची युनिट मिळत नाहीत. नाव तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असतं, लग्नानंतर ते बदललेलंही असतं, आणि मग तिथे तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती ठरता. पदवीच्या अर्जातही नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

एकूण 60 सेमिस्टर युनिट लागतात. बारा घेतली की पूर्णवेळ विद्यार्थी म्हणतात खरं, पण बाराच्या हिशेबाने चार सत्रांत 48 च होतात. पंधरा घ्या, नाहीतर उन्हाळ्यात भरून काढा. साठातली किमान 18 एकाच क्षेत्रातली हवीत. आवडतील ते विषय घेत गेलं की साठ भरतात आणि अठरा भरत नाहीत.

पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं असेल तर कॅल-जीईटीसी, म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठांना चालणारा सामान्य विषयांचा संच, धरा: 34 युनिट, प्रत्येक विषयात किमान सी ग्रेड. इंग्रजी आणि गणित पहिल्याच वर्षी संपवा, पुढचे विषय त्यांच्यावर अडतात. गणितासाठी संख्याशास्त्र चालतं. विज्ञानाच्या एका विषयाला लॅब हवीच, आणि लॅबच्या जागा लवकर भरतात. कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालतो ते असिस्ट (assist.org) संकेतस्थळावर पाहा. मैत्रिणीला चालला म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

शेवटचं वर्ष. विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. काउन्सेलरकडून उरलेल्या विषयांची तपासणी. दुसऱ्या कॉलेजात घेतलेल्या विषयांची ट्रान्स्क्रिप्ट. कॅल-जीईटीसीचा दाखला मागून घ्या. आणि पदवीचा अर्ज, शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच. उन्हाळ्यात संपवणार असाल तर त्याची तारीख वेगळी असते. पोचपावतीचा ईमेल आला नाही तर अर्ज गेलेला नाही असं समजा, आणि त्याच दिवशी ऑफिसात जा.