काचेच्या जेलीफिशचे तंतू सांध्यातच तडकत होते, त्यावर सापडलेला उपाय

बोरोसिलिकेट (उष्णतेला टिकणाऱ्या) काचेची जेलीफिश ज्योतीवर सुरेख जमायची, पण निवल्यावर, कधी तर दुसऱ्या दिवशी, छत्रीला जोडलेला तंतू नेमका सांध्यात तडकायचा. काच एकाच जातीची, म्हणजे प्रसरणातल्या फरकाचा प्रश्न नव्हता. (एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनचे ब्लाश्का पितापुत्र समुद्री जीवांचे काचेचे नमुने करताना तार आणि सरसही वापरत. मला मात्र सगळं काचेतच हवं होतं.)

मग दोन पोलरायझिंग फिल्टर (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं पुढे जाऊ देणारे) समोरासमोर धरले, त्यांतला एक ९० अंशांत फिरवला, मध्ये जेलीफिश ठेवली आणि मागून दिवा लावला. ताण नसलेली काच काळी दिसते. इथे प्रत्येक सांध्याभोवती पांढरा उजेड! पातळ तंतू झटकन निवतो, जाड छत्री सावकाश, आणि ती ओढाताण सांध्यात अडकून राहते.

आता तंतू जोडताना छत्री ज्योतीच्या कडेला फिरवत गरम ठेवते. सांधा पूर्ण वितळवून गोलसर करते, कारण खाच राहिली की तडा तिथूनच सुरू होतो. वस्तू गरम असतानाच भट्टीत जाते: ५६५ अंश सेल्सिअसला तासभर, मग ४८० पर्यंत अगदी हळू उतार. सांधे आता फिल्टरमधून काळेच दिसतात. अपारदर्शक रंगीत काचेत ही तपासणी करता येत नाही, त्यामुळे तंतू पारदर्शकच निवडते.