पायाची जाड, वाकडी नखं: या चुका टाळा

मधुमेहींच्या पायांचं ड्रेसिंग करते, त्यामुळे पिवळी, जाड, कडेनं आत वळलेली नखं रोज बघते. "वय झालं, होणारच," हे वाक्यही रोजचंच. वयानं नख जाडावतं, हे खरं. पण बुरशी, सोरायसिस, चेपणारे बूट, अंगठ्याला कधीतरी बसलेला जबर मार यांनीही तसंच दिसतं. म्हणून आधी कारण शोधा.

मेडिकलमधून ट्यूब आणून चोळणं मला अजिबात पटत नाही. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. ती असली तरी जाड नखातून मलम खाली नीट पोचत नाही. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल, तर बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आणखी पसरतात. त्वचारोगतज्ज्ञाला नखाचा तुकडा आणि खालचा भुसा तपासू द्या. बुरशी निघाली, तर टर्बिनाफिनच्या गोळ्या बहुधा १२ आठवडे चालतात, यकृताची तपासणी करून. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून त्या मध्येच सोडू नका. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

दुसरी घाई ब्लेडची. एका आजोबांचं नख बोकडाच्या शिंगासारखं वळून शेजारच्या बोटावर टेकलं होतं. मुलानं एका बैठकीत ते ब्लेडनं तासलं. मधुमेहानं पाय बधिर, त्यामुळे आजोबांनी हूं की चूं केलं नाही. मोजा चिकटला तेव्हा सुनेला रक्त दिसलं. आमच्याकडे आणलं तोवर अंगठा सुजून पू झाला होता. बोट वाचलं, पण ड्रेसिंग कितीतरी दिवस चाललं. बधिर पायाला घरी हत्यार लावूच नका.

पायाला संवेदना चांगली असेल, तर आंघोळीनंतर नख मऊ असताना कानस घ्या, वरचा थर एकाच दिशेनं हलकेच घासा आणि थांबा. उरलेलं पुढच्या आठवड्यात. मी असंच करते.

कोपरे खोल कापू नका, नखुरडं होतं. घरभर एकच नेलकटर नको. पिवळेपणा नेलपॉलिशखाली झाकू नका.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. उभं राहून बघा: सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.