मेमो आला, सस्पेंड झालात, मधेच बदली निघाली, तर आधी काय करायचं

आमच्या परभणीकडं सरकारी ऑफिसात साहेब चिडले की तोंडीच सांगतात, "उद्यापासून त्या टेबलला बसू नको", अन् माणूस गप घरी येऊन बसतो. मग दोन-चार महिन्यांनी तेच साहेब विनापरवानगी गैरहजर म्हणून मेमो काढतात. माझंच झालंय हे, 11 दिवसांचा पगार गेला कारण माझ्याकडं कागद एकपण नव्हता. म्हणून तोंडी आदेश आला की त्याच दिवशी साधा अर्ज लिहा, "आज आपण मला तोंडी असं असं सांगितलं, लेखी आदेश मिळावा", दोन प्रती काढा अन् आवक-जावकला एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. "साहेबांनी घेऊ नको म्हणलंय" असं तो म्हणायला लागला तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा अन् पावती फाईलला लावा.

मेमोचा खुलासा मुदतीतच द्या, कागदं हवी असतील तर मुदतीच्या आतच कागदं मागणारा अर्ज द्या. अन् "माफी लिहून दे, मिटवून टाकू" याला भुलू नका बरं का, ती माफी म्हणजे तुमच्याच हातची कबुली, उद्या वेतनवाढ रोखायची तर तोच कागद वर येतो.

सस्पेंड झालात तर घाबरू नका, निलंबन ही शिक्षा नाही. पोलीस कोठडी 48 तासांच्या वर गेली तर ते आपोआप मानलंच जातं, ते वेगळं. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढं तुमच्यामुळं उशीर नसेल तर तो दीडपटीपर्यंत वाढवता येतो, पण मागितल्याशिवाय कोण वाढवतंय! दुसरीकडं कामधंदा करत नाही हे प्रमाणपत्र मात्र देत रहा, त्याच्यावाचून बिल अडकतं. आता मुख्य गोष्ट, सुप्रीम कोर्टाचा 2015 चा अजयकुमार चौधरी निकाल अन् त्यावरून निघालेला 9 जुलै 2019 चा जीआर (शासन निर्णय), दोन्ही प्रिंट काढून ठेवा. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं चालू ठेवता येत नाही, एक्क्याण्णवाव्या दिवशी जीआर जोडून अर्ज द्या.

दोषारोपपत्र आलंच तर जोडपत्र 1 ते 4 आहेत का मोजून घ्या, आरोप, त्याचं विवरण, कागदपत्रांची यादी अन् साक्षीदारांची यादी. साक्षीदाराची उलटतपासणी तुमचा हक्क आहे, मदतीला दुसरा कर्मचारी घेता येतो, चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या आधी मिळायला पाहिजे. शिक्षा झाली तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला 1979 च्या शिस्त व अपील नियमांत अपिलाला 45 दिवस आहेत. झेडपीवाल्यांचे नियम वेगळे, 1964 चे.

रिटायरमेंटच्या तोंडावर जुनी वेतनवाढ चुकून जादा दिली म्हणून लाखाची वसुली काढतात, हा तर आपल्याकडं रोजचाच तमाशा. 2014 च्या रफिक मसीह निकालानं वर्ग 3 अन् 4 कडून, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली चालत नाही. जादा गेलेला पगार परत देईन असं हमीपत्र दिलेलं असलं तर वसुली चालते म्हणून खातं 2016 चा जगदेव सिंग निकाल पुढं करतं, तेव्हा तो न्यायिक अधिकाऱ्याचा मामला होता हे वकिलाला नक्की सांगायला लावा.

लेडीज स्टाफला एकच सांगतो, लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत लेखी द्या (कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते), अन् साहेबच आरोपी असतील तर ऑफिसच्या समितीकडं नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा.

राहिली बदली. 2005 च्या बदली कायद्यानं नेमणुकीचा काळ साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे मध्ये, अन् मधेच काढायची तर कारण लेखी अन् वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. ती कारणाची अन् मंजुरीची टिप्पणी माहिती अधिकारात मागा, 10 रुपयांचा अर्ज. पण 30 दिवस वाट बघत बसू नका, स्टे मागायचा तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, एकदा रिलीव्ह करून दुसऱ्याला तुमच्या खुर्चीत बसवलं की अवघड होतं. राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर संभाजीनगरला मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं) खंडपीठ आहे. झेडपीवाल्यांनी तिथं चक्कर मारू नये, त्यांचं काम हायकोर्टाच्या खंडपीठात. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ऑर्डर पडली (मुद्दाम शुक्रवारीच काढतात) तर स्क्रीनशॉट घ्या, रात्रीच्या गाडीनं निघा, शनिवार-रविवारी वकिलाला कागदं दाखवा अन् सोमवारी सकाळीच दाखल करा. नेमणुकीचा आदेश अन् हजर झाल्याचा रिपोर्ट पिशवीत टाकायला विसरू नका, मी विसरलो होतो, परत परभणीला यावं लागलं.